पेशी खराब होत्या

१

बुधवारी सकाळी नऊ वाजता नवीने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि "अगं आई गं!" म्हणून खुर्चीत मागे रेलली. तिच्या सोळाच्या सोळा टायटॅनियमच्या चकत्या कोऱ्या होत्या. एकीवर पेशी टिकली असेल तर शपथ.

खरं सांगते, मला आतून बरं वाटलं. नव्याने लागली म्हणून सगळे तिला नवी म्हणतात, आणि गेले सात महिने ही मुलगी माझ्या डोळ्यात सलत होती.

आमच्या प्रयोगशाळेचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मोडलेल्या जबड्यात किंवा मांडीत बसवायचा टायटॅनियमचा तुकडा शरीराला परका वाटतो. हाडाच्या पेशी त्याला धरत नाहीत. म्हणून त्यावर प्रथिनाचा लेप द्यायचा, की पेशींना वाटावं हे आपलंच घर. तो लेप एकोणीस वर्षं मी देते. चकती प्रथिनाच्या पाण्यात बुडवायची, काढायची, वाळवायची. प्रथिन आपोआप बसतं. नवी आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ताई, जे आपोआप बसतं ते आपोआप उठूनही जातं." एवढंसं तोंड आणि बोलणं बघा! तिची पद्धत वेगळी. आधी धातूवर रासायनिक हुक लावायचे आणि मग पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा, त्या हुकांत पक्का अडकवायचा. धुवा, घासा, सुटत नाही. आमचे सर तर तिच्यावर इतके खूश, की मला 'ताई, चहा घेतलात का' विचारायचंही विसरले.

शुक्रवारी दुपारी जबड्याचे एक मोठे सर्जन येणार होते. ज्या लेपावर पेशी चांगल्या धरतील, तो ते पेशंटसाठी घेणार. माझ्या सोळा, नवीच्या सोळा. पेशी त्याच, एकाच बाटलीतल्या. माझ्या चकत्यांवर पेशी छान पसरल्या होत्या. तिच्या चकत्यांवरच्या गोल गोळे होऊन धुण्याच्या पाण्याबरोबर निघून गेल्या.

"पेशीच खराब असतील," मी म्हणाले. "आधी पेशी तपासा."

दारात माझी धाकटी बहीण उभी होती. पेशी वाढवायची खोली तिची. मी छोटी म्हणते, बाकी सगळे छोट्या मॅडम. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"ताई, त्याच पेशी तुमच्या चकत्यांवर आहेत ना?" सरांनी विचारलं.

एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नवीवर माझा किती जळफळाट होतो, हे तिथल्या पाण्याच्या नळालासुद्धा माहीत होतं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "मंगळवारी दुपारी नवीच्या फ्रीजपाशी तुम्ही एकट्याच होतात म्हणे."

"कोण म्हणे?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुमची बहीण."

२

होते मी फ्रीजपाशी. खोटं नाही. नवीच्या हुक लावलेल्या चकत्या कशा दिसतात ते बघायला गेले होते. एखादीवर डाग असला तर बरं, असंही मनात होतं. पण हात लावला नाही. हे सांगितलं तर कोणाला पटणार? मलाच पटलं नसतं.

"उद्या दुपारी बारापर्यंत मला कळायला हवं," सर म्हणाले. "नाहीतर लेपाचं टेबल तुमच्याकडून काढून घेतोय असं मला लिहावं लागेल. माझाही नाइलाज आहे, ताई."

ते टेबल म्हणजे माझं सगळं. कोपऱ्यातली ती खाच माझ्या अंगठ्याने पडलीय. घरी मी कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई. त्या टेबलावर मी मी असते. न केलेल्या चुकीची शिक्षा भोगायची आणि टेबल त्या पोरीला द्यायचं? मुळीच नाही. चोर मीच शोधणार होते.

आणि पहिला संशय माझा नवीवरच होता. दुसऱ्या कोणावर असणार?

ती स्वतःच्या टेबलाशी रडून डोळे लाल करून बसली होती. मी समोर स्टूल ओढलं.

"ताई, तुम्ही केलंत?" तिने सरळच विचारलं.

"तुझ्यावर जळते, हे खरं आहे. पण लेप बिघडवणं माझ्या हातून व्हायचं नाही. शत्रूचा असला तरी लेप तो लेप." पहिल्यांदाच ती थोडी हसली, तेही मला आवडलं नाही. "आता सांग. काय काय केलंस?"

तिने वही उघडली. अक्षर मोत्यासारखं, मेलीचं. सोमवारी सकाळी फॉस्फेटचं बफर बनवलं, म्हणजे ज्या खारट पाण्यात पेप्टाइड विरघळवून चकत्यांवर घालायचं ते. बाटली फ्रीजमध्ये ठेवली. मंगळवारी संध्याकाळी बाहेर काढली, तासभर टेबलावर ठेवून थंडपणा जाऊ दिला, पीएच मोजला. सात पूर्णांक चार. अगदी बरोबर. मग पेप्टाइड घालून चकत्या बुडवल्या आणि रात्री त्यांवर पेशी सोडल्या. हुक नवे, पेप्टाइड नवं. मला नाव ठेवायला जागा सापडेना.

"उरलेलं बफर?"

तिने फ्रीजमधून बाटली काढून दाखवली. लेबलावर मार्करने लिहिलेलं 'फॉस्' एवढंच वाचता येत होतं. पुढचं सगळं फरफटलेलं, निळा धब्बा.

"लेबल तरी धड लिहावं माणसाने," मी म्हणाले. "मोठी पेप्टाइडवाली!"

"सोमवारी लिहिलं तेव्हा धड होतं, ताई."

मी नाक मुरडलं. हल्लीच्या मुलींना प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. तिचं बोलणं मी कानाआड केलं, आणि तिथेच माझा अर्धा बुधवार वाया गेला.

३

दुसरा संशय भांडारवाल्या काकांवर. कच्च्या मालाच्या सगळ्या बरण्या त्यांच्या ताब्यात, आणि मागच्याच महिन्यात बाटल्यांवरून त्यांचं नवीशी कडाक्याचं वाजलं होतं.

"काका, तिला चुकून दुसरी बरणी दिलीत का?"

"माझ्या हातून?" काका उभेच राहिले. गुडघा दुखतो म्हणून ते कोणासाठी उठत नाहीत. "एकतीस वर्षांत चुकीची बरणी दिलेली दाखवा, मिशी काढतो. हे बघा." त्यांनी फॉस्फेटची बरणी पुढे आणली. "नवी कोरी. सोमवारी सील तिच्यासमोर फोडलं. चमचाभर गेलंय, तेवढंच."

सील, कंपनीचा कागद, पावडर, सगळं ठीक होतं.

"पण तुमचं भांडण झालं होतं ना तिच्याशी?"

"झालं की. दुसऱ्या दिवशी मिटलंही. ती रोज सकाळी विचारते, काका, गुडघा कसा आहे. तुम्ही एकोणीस वर्षांत विचारलंत कधी?"

चांगलीच चपराक बसली. गुडघा कसा आहे ते मी विचारून टाकलं. बरा नव्हता.

मी नवीच्या फ्रीजपाशी परत आले. बरणी बरोबर, बनवणारी चोख. म्हणजे गोम बाटलीतच. पीएच मोजायचं यंत्र शेजारी होतं. थंडपणा जायची वाट कोण बघतंय, मी बाटली फ्रीजमधून काढली आणि गारेगार पाण्यातच कांडी बुडवली.

आठ.

मी कांडी धुतली, पुन्हा बुडवली. आठच. नवीच्या वहीत सात पूर्णांक चार. ही पोरगी खोटं लिहिते की काय? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सरांना हाक मारायला वळणार, तेवढ्यात आकडा हलला. सात पूर्णांक नऊ. मी तिथेच स्टुलावर बसले. खोलीच्या उबेने बाटली तापत गेली तसा आकडा उतरत गेला. तासाभराने बरोबर सात पूर्णांक चारवर येऊन थांबला.

फॉस्फेट असं करत नाही. थंडीत ठेवा की उबेत, ते जवळपास जागचं हलत नाही. थंडीत चढतं आणि उबेत उतरतं ते ट्रिस. तेही बफरच. पण पेप्टाइड ज्या हुकात बसतं त्याच हुकात ट्रिसही बसतं. पेप्टाइड यायच्या आधी सगळ्या खुर्च्या भरलेल्या. चकती वरून दिसायला छान, आणि पेशींना धरायला एक जागा नाही.

नवीचं बफर ओतून टाकून कोणीतरी त्याच बाटलीत ट्रिस भरलं होतं. उबेत मोजलं तर कळू नये, असं बेतून भरलं होतं.

ट्रिसची ही करामत आमच्याकडे कोणाला माहीत होती, ते मला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी हेच मी केलं होतं.

४

चुकून केलं होतं, मुद्दाम नाही. तेव्हाही असाच हुकांचा प्रयोग होता, जुन्या सरांचा. मी घाईत ट्रिसची बाटली उचलली. सगळ्या चकत्या कोऱ्या. जुने सर ओरडले, "हे काय आहे?" आणि मी घाबरून जे तोंडात आलं ते बोलले, "पेशीच खराब असतील."

छोटी तेव्हा नवीनच लागली होती. तिला पेशींची खोली मीच मिळवून दिली होती. तिने पेशी खूप तपासल्या, काही दोष सापडेना. पण अहवालात तेच गेलं: पेशी खराब होत्या. प्रयोग बंद पडला. छोटीची बढती चार वर्षं अडली. बाटलीचा घोळ मला आठवड्याने उमगला. तिच्या घरी जाऊन मी रडले, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे, ताई." आणि मी असू दिलं. फक्त लेपाच्या टेबलावर ट्रिस आणायला त्या दिवसापासून बंदी घातली. का, ते कोणालाही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी आल्या आल्या मी काकांना विचारलं, "ट्रिस आता कोणाकोणाकडे जातं?"

"फक्त छोट्या मॅडमकडे. पेशींना रंग द्यायच्या आधी धुवायला लागतं त्यांना. तुमच्याकडे तर तुम्हीच बंद केलंत."

तरीही माझं मन मानेना. सख्खी बहीण. नवीशी तिचं काय वाकडं? पेशींच्या खोलीला कुलूप नसतं. ट्रिस कोणीही उचलू शकतं. कोणीही, कोणीही, असं मी स्वतःलाच समजावत राहिले.

साडेअकराला डब्याची वेळ झाली. छोटी डबे गरम करायला बाहेर आली. आमच्याकडे डबे बदलू नयेत म्हणून झाकणावर मार्करने नावं लिहितात. छोटीने आपला डबा हातात घेण्याआधी खिशातली स्पिरिटची बाटली काढली, फुसफुस करून झाकणावर फवारा मारला, फडक्याने पुसला. पेशींची माणसं अशीच. बाहेरचा जंतू आत जाऊ नये म्हणून प्रत्येक वस्तू उघडण्याआधी स्पिरिटने पुसतात, आणि मग ती सवय हाताला अशी लागते की घरी लोणच्याची बरणीसुद्धा सुटत नाही. आम्ही तिला त्यावरून किती चिडवायचो.

झाकणावरचं तिचं नाव फरफटलं होतं. निळा धब्बा.

सोमवारी लिहिलं तेव्हा धड होतं, ताई. नवी हेच म्हणाली होती, आणि मी नाक मुरडलं होतं. लेपाच्या बाजूचं कोणीही बफरच्या बाटलीला स्पिरिट लावत नाही. मी नाही, नवी नाही, काका तर नाहीच नाही. बाटली उघडण्याआधी ती पुसल्याशिवाय ज्या हाताला चैन पडत नाही, असा हात इथे एकच होता.

५

ती आपल्या खोलीत पाठमोरी उभी होती. मी दार लावून घेतलं.

"छोटे, बाटली का गं पुसलीस?"

ती वळली. एक क्षण तिला कळलं नाही. मग कळलं, आणि ती चक्क हसली. "पुसली का मी? बघ ना, एवढं सगळं विचार करून केलं, आणि..."

"त्या मुलीने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"तिने? काही नाही. ती रोज विचारते, मॅडम, पेशी कशा वाढवता, मला शिकवाल का." छोटीचा आवाज बसला. "ताई, पेशी धरल्या की लोक म्हणतात, काय लेप आहे! नाही धरल्या की म्हणतात, पेशी खराब. अकरा वर्षं ऐकतेय. सगळे तुला ताई म्हणतात, का माहीत आहे? मी म्हणायचे म्हणून. तेसुद्धा माझं घेतलंस. मला तुझा हेवा वाटतो. तू त्या पोरीवर जळतेस ना, तसाच. फक्त तू ओरडून मोकळी होतेस."

"म्हणून माझ्यावर आळ?"

"हो. तिच्या चकत्या बिघडल्या की सगळे तुझ्याकडेच बघणार, हे मला माहीत होतं. तू फ्रीजपाशी होतीस हेही मी मुद्दाम सांगितलं. न केलेल्या चुकीचा आळ कसा असतो, ते तुला एक दिवस तरी कळावं." तिने डोळे पुसले. "आणि तुला खरं सांगू? बुधवारी सकाळी दारात उभी होते तेव्हा माझा धीर सुटला होता. म्हटलं, ताईला एकदा नीट बोलू दे, मी तिथल्या तिथे सगळं कबूल करते. आणि तू तोंड उघडलंस ते काय म्हणालीस?"

मला उत्तर द्यायची गरज नव्हती. मी काय म्हणाले होते ते आम्हा दोघींनाही पाठ होतं.

घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती.

"जा," ती म्हणाली. "नवीनेच चुकीची बरणी घेतली म्हण. बाटली तिची, अक्षर तिचं, सगळ्यांना पटेल. तुझं टेबल राहील, माझी खोली राहील. मी गप्प बसेन. मला सवय आहे."

केबिनपर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, देवाशपथ. किती सोपं होतं! नवीचं मोत्यासारखं अक्षर, नवीचं 'आपोआप उठूनही जातं', सरांचं ते कौतुक, सगळं एका वाक्यात धुवून निघालं असतं. ती आत खुर्चीवर बसली होती. मला बघून उठून उभी राहिली. माझ्या मनात काय चाललंय ते तिला कळलं असतं तर उठली नसती.

"बोला, ताई," सर म्हणाले.

"अकरा वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागेल, सर. चालेल?"

आणि मी सगळं सांगितलं. आधी माझं. ट्रिस, घाई, माझी भीती, पेशींवर ढकललेलं खापर. मग बाटली, आठचा सात पूर्णांक चार कसा झाला ते. फरफटलेल्या लेबलापाशी येऊन मी अडले. बहिणीचं नाव ओठांवर येईना. दार वाजलं. छोटी आत आली आणि म्हणाली, "ते माझं मी सांगते."

सर म्हणाले, शुक्रवारनंतर छोटीला तीन महिने घरी बसावं लागेल, पुढचं पुढे. लेपाचं टेबल नवीकडे जाईल, मी तिच्या हाताखाली. मी मान हलवली. आळाची शिक्षा आणि चुकीची शिक्षा यांतला फरक मला त्या दिवशी कळला. दुसरी सोसता येते.

"उद्यासाठी नव्या चकत्या करायला हव्यात," सर म्हणाले. "पेशी कोण देणार?"

सगळ्यांनी नवीकडे पाहिलं. ती रागावली होती, आणि का रागावू नये? "पेशी यांच्याच हव्यात," ती शेवटी म्हणाली. "यांच्यासारख्या कोणाच्याच नसतात. पण बाटली मी उघडणार."

शुक्रवारी दुपारी सर्जनसाहेबांनी मायक्रोस्कोपमधून डोळा काढलाच नाही. नवीच्या सोळाच्या सोळा चकत्या भरल्या होत्या. धुतल्या, पुन्हा धुतल्या, पेशी जागच्या हलल्या नाहीत. माझ्या चकत्यांवरच्या दुसऱ्या धुण्याला निम्म्या झाल्या. झाल्या तर झाल्या.

"वा! काय लेप आहे!" साहेब म्हणाले.

"पेशी कोणाच्या, तेही विचारा," मी म्हणाले. साहेब गोंधळले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या छोटीकडे नवीने बोट दाखवलं, माझ्या आधी. ते मात्र मला झोंबलं. ते बोट माझं असायला हवं होतं.

सगळे गेल्यावर मी सरांकडून अकरा वर्षांपूर्वीची फाइल मागून घेतली. 'पेशी खराब होत्या' या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: बफर चुकीचं होतं. चूक लेपाच्या टेबलाची. सही केली, तारीख घातली आणि फाइल छोटीच्या खोलीत नेली. ती सामान आवरत होती.

"घे. वाच."

सवयीने तिचा हात खिशात गेला. स्पिरिटची बाटली बाहेर आली, फाइलवर धरली. शाई अजून ओली होती.

"छोटे!"

ती थांबली. तिने अक्षराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाटली टेबलावर ठेवून दिली. आणि फाइल तशीच, न पुसता, उघड्या हातांनी घेतली.